रुईच्या गाड्यांतून लासूरला

छावणीतलं जुनं चर्च लष्कराच्या ताब्यात द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण झाली ती ऑर्गनची.

बाकं शाळेनं नेली. घंटा दुसऱ्या चर्चला गेली. वेदीच्या डाव्या हाताला भिंतीला टेकून उभा असलेला तो पाइप ऑर्गन मात्र कुणालाच नको होता. दोन पुरुष उंचीचं सागवानी कपाट, त्यात लहानमोठ्या दोनशेवर नळ्या, आणि मागं हवा भरायचा चामड्याचा भाता. गोऱ्या पलटणीसाठी तो विलायतेहून आणलेला. तेव्हा औरंगाबादला रेल्वेसुद्धा नव्हती. नांदगाव स्टेशनापासून बैलगाड्यांतून आला होता म्हणे. पुढं पलटण गेली, पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढच्या बाकांवर बसणारी साहेब मंडळी एकेक करून पांगली. मागच्या बाकांवरची मराठी ख्रिस्ती माणसं तेवढी उरली. त्यांना शहरात स्वतःचं चर्च होतं, पण त्याचं छप्पर इतकं बुटकं की ऑर्गन निम्मासुद्धा मावला नसता.

तो वाजवायच्या मनकर्णाबाई शिरसाठ. मुलींच्या शाळेत शिक्षिका, पन्नाशीला आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचे वडील याच आवारात माळी होते. लहानपणी त्या खिडकीखाली उभ्या राहून ऐकायच्या. एक दिवस पाद्रीसाहेबांच्या मडमेनं त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं, आणि त्या बाकावरून त्या नंतर उठल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल.

चर्चच्या मंडळीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाई, वाईट आम्हालाही वाटतं. पण ठेवायचा कुठं? नळ्यांत कथील आहे. मोडीत घेणारा माणूस बघितलाय. उद्या येईल."

आला तो शहागंजातला कल्हईवाला उस्मानभाई. पिकली दाढी, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. त्यानं एक नळी हातात घेतली, नखानं टोकरली, वाकवून कानाशी धरली. अस्सल कथील वाकवताना बोलतं, तसं ते कुरकुरलं.

"माल अस्सल है," तो म्हणाला. "पन ये बजता क्या अब्भी?"

मनकर्णाबाई ऑर्गनकडं वळल्या. चर्चच्या रखवालदाराला भाता मारायला सांगितलं आणि त्या बसल्या. त्यांना वाटलं, हे शेवटचंच. म्हणून त्यांनी घाई केली नाही. आधी अगदी बारीक सूर लावला, मग नळ्या उघडणारी एकेक खुंटी ओढत आवाज भरत नेला, इतका की खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या.

थांबल्या तेव्हा उस्मानभाई डोक्यावरची टोपी नीट करत होता.

"बाईसाब, मेरेकू नक्को," तो म्हणाला. "इसकू गलाके मैं देगचियां चमकाऊं? नक्को. कोई दुसरा देखो. बल्के दुसरा बी मत देखो." मग दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "कुच टूटा-फूटा तो मेरेकू बुलाव. जोडने का काम मैं करतूं."

या एका नकारानं बाईंना धीर आला. त्या तशाच अध्यक्षांकडं गेल्या आणि मुदत मागून घेतली. ईस्टरपर्यंत जागा शोधायची आणि ऑर्गन हलवायचा. इमारत घ्यायला आलेल्या लष्करी साहेबानंही पंधरवडा वाढवून दिला. "सामानच ठेवायचंय मला, थोडं थांबेल," असं म्हणाला.

जागा मिळाली लासूर स्टेशनला. तिथल्या मंडळीचं प्रार्थनाघर मुळात दुष्काळात बांधलेलं धान्याचं कोठार होतं, दगडी आणि चांगलं उंच. तिथले पाळक तात्यासाहेब भालेराव हे मऊ बोलणारे, संकोची गृहस्थ. त्यांनी वर छपराकडं बघितलं, बाईंकडं बघितलं.

"जागा आहे बाई. पण आमची माणसं ढोलकीवर गातात. शेतात राबणारी माणसं. हा साहेबी बाजा त्यांना आपला वाटेल का?"

"मला तरी कुठं आपला होता?" बाई म्हणाल्या. "माळ्याची पोर मी."

तात्यासाहेब हसले. "आणा मग. पण आणायचा कसा?"

रेल्वेनं पाठवायला बाईंचं मन घेईना. नळ्या इतक्या मऊ, की अंगठ्यानं दाबलं तरी खूण उठते. डबे जोडताना एक धक्का बसला तर संपलंच. गाड्याच हव्यात, आणि सावकाश चालणाऱ्या. तात्यासाहेब त्यांना नानासाहेबांकडं घेऊन गेले. नानासाहेब मूळचे कन्नड तालुक्याकडचे मोठे शेतकरी. लासूरला त्यांचं कापसाचं जिनिंग होतं आणि घरच्या दहा-बारा बैलगाड्या होत्या.

नानासाहेबांनी ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, काम चांगलं हाये. पर आत्ता हंगाम चालूये. एकेक गाडी कापसाला कमी पडायली. चैत्र सरला की बोला."

"तोवर ऑर्गन राहायचा नाही, नानासाहेब."

"मंग माझा नाविलाज हाये."

बाई उठल्या. नमस्कार करून पायरीवर आल्या, तोच आतून आवाज आला, "थांबा वं बाई!"

नानासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई दारात आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या बाईंच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"छावणीतल्या चर्चातल्या बाजावाल्या बाई तुमीच ना? मी आवाजावरून वळखलं."

"हो. पण मी तुम्हाला नाही ओळखलं."

"कसं वळखताल? आम्ही शंभरजणी व्हतो तिथं." द्वारकाबाई नवऱ्याकडं वळल्या. "पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकाराच्या भेवानं तुमी मला न् पोरांला शहरात धाडलं व्हतं, आठवतंय ना? ज्याच्या घरी धाडलं त्याच्या दाराला कुलूप. आम्ही रस्त्यावर. तवा ह्यांच्या पाद्र्यानं चर्च उघडून दिलं. आठवडाभर आम्ही त्या फरशीवर काढला."

"चर्चात राहिले, ते सांगितलं व्हतं तू," नानासाहेब म्हणाले.

"सगळं नाय सांगितलं. संध्याकाळ झाली की भाईर घोषणा सुरू व्हायच्या. पोरं थरथर कापायची. मंग ह्या बाई त्या बाजावर बसायच्या. असा आवाज, असा आवाज, की भाईरचं कायबी ऐकू येऊ नये. आपला धाकटा सांडू त्या बाजाला पाठ लावून झोपायचा." त्या मनकर्णाबाईंकडं वळल्या. "आणि ह्यांनी शिजवलेली खिचडी आम्ही खाल्ली. त्ये मी ह्या घरात आजवर कुणाला बोलले नाय. आज बोलते."

 ख्रिस्ती बाईच्या हातचं खाल्लं, ही त्या काळी त्या घरात बोलण्यासारखी गोष्ट नव्हती. आतल्या खोलीत सासूबाई होत्या आणि दार उघडं होतं.

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "द्वारकाबाई, खरं सांगू का? मी तुमच्यासाठी नव्हते वाजवत. मला स्वतःलाच भीती वाटत होती. हात रिकामे राहिले की कापायचे, म्हणून वाजवत बसायची."

"आसंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर ऐकू तर आम्हालाबी आलं ना?"

नानासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "गाड्या किती लागतील?" त्यांनी विचारलं.

गाड्या पाच लागल्या. तळाशी कडबा घालायचं बाईंच्या मनात होतं, पण नानासाहेब म्हणाले, कडबा टोचंल, आपल्याकडं रुई काय कमी हाये? सरकी काढलेली पांढरीशुभ्र रुई गाड्यांत भरून आली. बाईंनी आणि शाळेतल्या दोन शिक्षिकांनी एकेक नळी काढली. पूर्वी मुंबईहून एक गोवेकर कारागीर दुरुस्तीला येत असे, त्याच्या हाताखाली बाईंनी हे काम पाहिलेलं होतं. तो आता हयात नव्हता. कुठं अडलं की बाई डोळे मिटून त्याचे हात आठवायच्या. नळ्या रुईत निजवल्या, वर पुन्हा रुई घातली. सगळ्यात उंच नळ्या दोघांनी धरून, पाळण्यात मूल ठेवावं तशा ठेवल्या. कारभारी नावाचा गाडीवान म्हणाला, "म्या नवरीबी इतक्या जपून नेली नाय कदी."

गाड्या मध्यरात्रीच निघाल्या आणि पडेगाव, माळीवाडा करत पुढं गेल्या. बाई पहिल्या गाडीत बसल्या होत्या, नानासाहेब सोबत पायी चालत होते. दिवस चढायला लागला आणि एका कोरड्या नाल्यात उतरताना कारभाऱ्याच्या गाडीचा आख मोडला. गाडी एका अंगावर कलली. बरीचशी रुई खाली सांडली आणि तिच्याबरोबर मोठ्या नळ्यांतल्या तीन धोंड्यांवर आदळल्या. एकीची शिवण वीतभर उकलली, दुसरीचं तोंड चेपलं, तिसरी मधोमध वाकली.

कारभारी डोक्याला हात लावून खाली बसला. "बाई, मला मारा," म्हणायला लागला.

बाईंनी आधी नळ्यांकडं बघितलं. पण त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं. "तुला लागलं का? नाही ना? मग बैल सोड आधी." मग त्या स्वतःच सांडलेली रुई गोळा करायला वाकल्या. त्यांना वाकलेलं बघून नानासाहेबही वाकले. मोडक्या गाडीतलं सामान बाकीच्या चार गाड्यांत वाटून ते दिवस मावळायच्या आत लासूरला पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाई औरंगाबादला गेल्या आणि थेट शहागंजात उस्मानभाईच्या दुकानापुढं उभ्या राहिल्या. त्यानं त्यांचं तोंड बघितलं, काय झालं ते विचारलंही नाही. "कित्ते टूटे?" एवढंच म्हणाला. दुकानाची फळी लावली, धातू जोडायचं झाळकामाचं सामान पोत्यात बांधलं आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसला.

प्रार्थनाघराच्या अंगणात लिंबाच्या सावलीला त्यानं शेगडी पेटवली. या धातूला आच जास्त लागली तर तो पाण्यासारखा ओघळून जातो, म्हणून आधी मोडीच्या एका तुकड्यावर हात बसवून घेतला. दोन दिवस तो नळ्यांवर वाकून बसला होता. जेवण द्वारकाबाईंच्या घरून यायचं. शिवण जुळली, तोंड सरळ झालं. वाकलेली नळी सरळ झाली, पण फुंकून बघितल्यावर तिचा सूर जरा घोगरा लागला.

"बुढी हो गई," उस्मानभाई म्हणाला. "मेरे सरीकी."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "माझाही गळा आता तसाच आहे."

त्यानंतरचे तीन आठवडे बाई शाळा सुटली की शुक्रवारी संध्याकाळी लासूरला यायच्या आणि सोमवारी पहाटे परत जायच्या. कपाट उभं राहिलं, भाता बसला, नळ्या आपापल्या भोकांत गेल्या. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी सकाळी बाईंनी पहिल्यांदा पट्टी दाबली, तर आतून नुसता वाऱ्याचा सुस्कारा आला. दुसरी दाबली, तेच. निम्म्याहून जास्त नळ्या मुक्या!

बाईंनी एक नळी उपसून उजेडाकडं धरली. तिच्या तोंडाच्या बारीक फटीत रुईचे तंतू अडकले होते.

त्यांनी दुसरी उपसली, तिच्यातही तेच. उद्या ईस्टर, आणि शंभर-सव्वाशे नळ्या साफ करायच्या.

ही बातमी तात्यासाहेबांच्या घरातून वस्तीत गेली आणि वस्तीतून जिनिंगवर. घटकाभरात बाया येऊ लागल्या. मंडळीतल्या बाया आल्या, जिनिंगवर कापूस निवडणाऱ्या आल्या, आणि त्यांच्या मागून द्वारकाबाई आल्या. त्यांच्या हातात कोंबडीच्या पिसांचा जुडगा होता.

"कापूस काढायचाय ना? मंग त्ये आमचं काम हाये," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांच्या बरोबरीनं सतरंजीवर बसल्या. पिसाच्या टोकानं त्या तंतू अलगद बाहेर ओढायच्या, फुंकर मारून नळी वाजते का बघायच्या. कुणाची नळी वाजली की सगळ्या हसायच्या. दुपारपर्यंत ते प्रार्थनाघर चिमण्यांनी भरल्यासारखं झालं होतं. बाई एकेक नळी जागेवर बसवत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आपण आयुष्यभर हा बाजा एकटीनं वाजवला. इतक्या जणींचा श्वास यातून कधी गेला नव्हता.

ईस्टरच्या सकाळी प्रार्थनाघर भरून गेलं. मागच्या भिंतीशी नानासाहेब, कारभारी, आणि शहागंजातून मुद्दाम आलेला उस्मानभाई उभे होते. द्वारकाबाई पुढं, बायांच्यात बसल्या होत्या.

तात्यासाहेब बाईंच्या कानाशी आले. "ढोलकी ठेवू का बाजूला आज?"

"नको. त्यांना नेहमीसारखं गाऊ द्या. मी त्यांच्या मागून येते."

ढोलकी सुरू झाली, झांजा लागल्या, लोक गायला लागले, मोकळ्या रानातल्या आवाजात. बाईंनी पहिलं कडवं नुसतं ऐकलं. दुसऱ्याला हलकेच खालचा सूर धरला. तिसऱ्याला ऑर्गन भरून आला, आणि गाणाऱ्यांना वाटलं, आपलाच आवाज एकदम मोठा झालाय. एक म्हातारा गाता गाता थांबून वर छपराकडं बघायला लागला.

प्रार्थना झाल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "बाईंनी दोन शब्द बोलावेत."

बाई उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या लोकांकडं पाठ करूनच बसत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच इतकी तोंडं समोर होती.

"देवाचे आभार मानायला मी रोज शिकवते," त्या म्हणाल्या. "आज माणसांचे मानायचे आहेत. कुणाचं नाव आधी घेऊ कळत नाही, म्हणून घेत नाही. पण तुम्ही सगळे मला ठाऊक आहात." एवढं बोलून त्यांनी हात जोडले. जोडलेले हात बराच वेळ तसेच राहिले.

पुढं निवृत्त होईपर्यंत बाई दर रविवारी सकाळच्या गाडीनं लासूरला येत राहिल्या आणि नंतर तिथंच राहायला आल्या. पण ते पुढचं. त्या दिवशी आशीर्वाद झाला, लोक घरी जायला मोकळे झाले, आणि बाई रिवाजाप्रमाणं लोक बाहेर पडेपर्यंत वाजवायला बसल्या. गाणं संपलं. त्यांनी मागं वळून बघितलं, तर एकही माणूस उठलेला नव्हता.

"बाई," द्वारकाबाई म्हणाल्या, "घाई हाये का तुम्हाला?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पट्ट्यांकडं वळल्या.