बिंदगीला सांगितलेलं

माझी लेक आरती मुंबईत टीव्हीसाठी लिहिते. ‘मागलं दार’ ही तिची नवी मालिका रोज संध्याकाळी सातला लागते आणि ती संपली की आमच्या लातूरच्या गल्लीत भांडण सुरू होतं. कशावरून, तर तिच्या लिहिण्यावरून. ज्यांनी उभ्या आयुष्यात किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, तेसुद्धा तिनं कसं लिहायला हवं होतं ते सांगतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी ऐकते आणि आतल्या आत जळते.

मालिकेत महामाया नावाची सून आहे. ती सासऱ्याशी कधीच थेट बोलत नाही. जे सांगायचं ते समोरच्या भांड्याला सांगते. ‘घागरी, दूध नासलंय. बिनदुधाचा चहा चालंल का गं?’ असं ती घागरीला विचारते आणि बाहेर बाजेवर बसलेला सासरा म्हणतो, ‘चालंल.’ सगळी मालिका अशीच लिहिलेली आहे. रडारड नाही, वाजंत्री नाही, एकमेकांच्या थोबाडीत मारणं नाही. एक बाई, तिची भांडी आणि भिंतीपलीकडून उत्तर देणारा म्हातारा.

आरतीनं हे हवेतून आणलेलं नाही. आमच्याकडे ही रीतच होती. सासरा किंवा थोरला दीर असला तर सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही. लेकरू जवळ असलं तर लेकराला सांगायचं, नसलं तर भांड्याला, केरसुणीला, मांजराला. मी लग्न होऊन शेषेरावांच्या घरात आले तेव्हापासून हेच करत आले. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण ती सासूची सोय झाली. सुनेनं कुणाला बोलावं? तिला भांडी दिलेली आहेत.

शेजारच्या सौदामिनीबाई मूळच्या नांदेडच्या, हायस्कुलात शिकवून निवृत्त झालेल्या. मालिका सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “सुकन्याताई, तुमची आरती हुशार आहे, पण हे काय लिहिलंय तिनं? माणसानं माणसाशी बोलावं. ती बाई मडक्याशी बोलते म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला डॉक्टरकडे तरी न्या म्हणावं.”

सोबत आलेले त्यांचे यजमान रेणुकादास म्हणाले, “अगं, प्रतीक आहे ते. घागर म्हणजे तिच्या आयुष्यातलं रिकामपण.”

रिकाम्या घागरीशी कोण बोलतं हो? आवाज घुमतो. भरलेलीशीच बोलतात. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, पोह्यांच्या बशा पुढं केल्या.

मोबाईलवर तर विचारूच नका. एकानं लिहिलं होतं, ‘लेखिकेला संवाद जमत नाहीत म्हणून भांडी घुसडली आहेत.’ दुसरा म्हणत होता, ‘मराठवाडा म्हणजे वेड्यांचा बाजार दाखवलाय.’ आणि हे सगळे शहाणे एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला माझे सासरे. मामा, म्हणजे शेषेराव, रोज सातच्या आधीच टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात. मालिका संपली की देवळासमोरच्या कट्ट्यावर जातात आणि मित्रांना ऐकवतात, “माझ्या नातीनं लिहिलंय. बघा, सून कशी असावी. ह्याला वळण म्हन्तेत.” भजनी मंडळातल्या बायकाही मान डोलावतात. “अशा सुना आता मिळतेत का कुठं?”

एका बाजूला वेडी आणि दुसऱ्या बाजूला देवी. ती बाई चिडलेली आहे, हे यातल्या एकालाही दिसलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. महामाया भांड्यांशी बोलते ते प्रेमानं बोलत नाही. चहाचा कप तिसऱ्यांदा रिकामा होऊन परत आला की ती घागरीला म्हणते, ‘तुझं पोट मेलं भरतच न्हाई,’ तेव्हा ती घागरीच्या पोटाविषयी बोलत नसते. हे वाक्य माझं आहे. आरतीनं लहानपणी चुलीपाशी बसून ऐकलेलं आहे. आम्ही बोलायचो ते सगळं ऐकू जायचं, आणि जावं म्हणूनच बोलायचो. पण या रितीत एक मेख होती. भांड्याला सांगितलेलं ऐकलंच पाहिजे अशी पलीकडच्यावर सक्ती नव्हती. सोयीचं असेल तर त्यानं उत्तर द्यायचं, गैरसोयीचं असेल तर ते भांड्याला सांगितलं होतं.

मग येळवसेचा भाग लागला.

येळवस म्हणजे आमची वेळअमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. ज्वारीच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, मग पाहुण्यांना भज्जी, उंडे आणि आंबील. आंबील बिंदगीतून न्यायची. बिंदगी म्हणजे लहान तोंडाची घागर, ती डोक्यावर घेऊन सुनेनं चालायचं.

आरती लहान होती त्या वर्षी येळवसेच्या सकाळीच बिलोलीहून, माझ्या माहेराहून, निरोप आला. माय अखेरच्या घटका मोजते आहे, असशील तशी ये. आरतीचे पप्पा शिवशंकर नेमके दुकानाचा माल आणायला हैदराबादला अडकलेले. मामांनी हो म्हटल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नव्हता, आणि मामा तर पाहुण्यांच्या गाडीत पुढं निघून गेले होते. मी शेतात गेले. बिंदगी कोपीपाशी उतरवली. मामा चार हातांवर पाहुण्यांच्या पंगतीत बसले होते. मी बिंदगीला म्हणाले, “बिंदगे, बिलोलीची माय जाऊन राहिली गं. दुपारची एसटी गावली तर तोंड दिसंल. जाऊ का?”

मामा म्हणाले, “पाहुण्यास्नी आंबील वाढा, सूनबाई.”

मी वाढली. पुन्हा विचारलं. मामा पाहुण्यांना हरभऱ्याचं पीक दाखवायला उठले. ते परत आल्यावर मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की बांधावर खेळणारी आरती वळून बघायला लागली. मामांनी पान तोंडात घातलं. सगळ्या पंगती उठल्यावर, भांडी घासून झाल्यावर मला सोडलं. मी बिलोलीला पोचले तेव्हा मायची माती करून माणसं परतली होती.

तेव्हापासून आजवर मी एकच समजूत धरून या घरात राहिले. त्या दिवशी पाहुण्यांचा गलका होता, वारं होतं, मामांना ऐकू आलं नसेल. त्या समजुतीवर मी त्यांना भाकरी वाढली, त्यांच्या दुखण्यात पाय चेपले. ऐकू आलं असेल असं मानलं असतं तर माझ्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं झाला नसता.

आरतीनं हा प्रसंग जसाच्या तसा लिहिला. फक्त महामाया बिंदगीला एकदाच विचारते, आणि ती निघते तिथंच भाग संपवला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितला. मामा खुर्चीत होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “काय पोरगी हाय. माय मरून राहिली तरी मर्यादा सोडली न्हाई.”

सौदामिनीबाईंचा दुसऱ्या दिवशी फोन. “अहो, आई मरते आहे आणि ही मडक्याला विचारते? कोण विश्वास ठेवेल? फारच ओढूनताणून लिहिलंय.”

मी फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात आरतीचा फोन आला. “आई, चॅनलवाले म्हणतायत, लोक दोन्हीकडून भांडून राहिलेत ते चांगलंय, पण आता निकाल लाव. एक तर महामायाला दवाखान्यात भरती कर, न्हाई तर सासऱ्यानं तिचा हार घालून सत्कार केलेला दाखव. सोमवारी लिहून दिलं न्हाई तर दुसरा लेखक बघणार हायेत.”

“मग?”

“मला ह्यातलं काहीच लिहायचं न्हाई. पण ती काय करंल, हेबी सुचंना. तू सांग. ती काय करती?”

“मला काय विचारतीस? लिहिणारी तू.”

“जगणारी तू हायेस,” ती म्हणाली. मला तिचाही राग आला.

त्यातच मामांनी आरतीचा सत्कार ठरवला. रविवारी, देवळासमोरच्या मंडपात, शाल आणि नारळ. आरती आली. नको नको म्हणत होती, पण आजोबांनी पत्रिका वाटल्या होत्या. कट्ट्यावरचे म्हातारे पुढं, भजनी मंडळ डावीकडे, सौदामिनीबाई आणि रेणुकादास मागच्या खुर्च्यांवर, गंमत बघायला आल्यासारखे. आरतीचे पप्पा ध्वनिक्षेपकवाल्याशी काहीतरी बोलत उभे.

“सूनबाई, वर या. लेकीला ओवाळा,” मामांनी बोलावलं. मी निरांजनाचं ताट घेऊन वर गेले. ओवाळायला हात उचलला तर मामांनीच माईक हातात घेतला. मी ताट धरून तशीच उभी.

“मंडळी,” मामा म्हणाले, “लोक म्हन्तेत ही मालिका खोटी हाय. खोटी कशी? त्यातली सून ही काय, तुमच्यासमोर उभी हाय. आजवर माझ्यासमोर तोंड वर करून बोलली न्हाई. येळवसेच्या दिवशी हिची माय बिलोलीला जाऊन राहिली होती. बिंदगीला तीनदा विचारलं हिनं, जाऊ का म्हणून. तीनदा. पर पाहुण्यांची पंगत टाकून गेली न्हाई. ह्याला घराणं म्हन्तेत.”

टाळ्या पडल्या.

माझ्या कानात दुसरं काही शिरलंच नाही. तीनदा. मालिकेत तर एकदाच होतं. त्यांनी मोजलं होतं. पहिल्यांदा विचारलं ते ऐकलं, दुसऱ्यांदा विचारलं ते ऐकलं आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पान तोंडात घातलं. वारं नव्हतं, गलका नव्हता, काही नव्हतं. ज्या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली, ती या माणसानं माईकवरून, टाळ्या घेत मोडून टाकली, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मी ताट खाली टेबलावर ठेवलं. डोक्यावरचा पदर सरकला तो सरकू दिला. मामांच्या समोर गेले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं.

“मामा,” मी म्हणाले, “तुम्हाला ऐकू आलं होतं?”

माईक त्यांच्या हातात होता, त्यामुळे माझा प्रश्न सगळ्या मंडपाला ऐकू गेला. म्हाताऱ्यांच्या ओळीत कुणीतरी खोकलं. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. जन्मभर मला ‘सूनबाई, हे आणा, सूनबाई, ते करा’ म्हणणारा माणूस बाजूला वळला आणि म्हणाला, “आरती, तुझ्या मायला खाली जाऊन बस म्हणावं.”

आरती हलली नाही.

“आरतीला नका सांगू,” मी म्हणाले. “मी समोर हाय. मला सांगा.”

“सुकन्या,” आरतीचे पप्पा खालून म्हणाले. मी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्यांचा हिशेब वेगळा.

मामांनी माईक खाली केला. दुसऱ्या हातातल्या सत्काराच्या नारळाकडे बघत राहिले. मग नारळालाच सांगितल्यासारखं हळू म्हणाले, “पाहुणे होते.”

“माझी माय होती,” मी म्हणाले.

मी पायऱ्या उतरून घरी आले आणि रात्रीचा स्वयंपाक केला नाही. मागं मंडपात काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. भजनी मंडळात दोन तट पडले. म्हातारे म्हणाले, चारचौघांत बोलायला नको होतं. सौदामिनीबाई म्हणे खुर्चीत तशाच बसून राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “खरंच विचारलं होतं हो हिनं मडक्याला.” नंतर माफी मागायला आल्या होत्या. मी दार उघडलं, चहा दिला, पण माझा राग गेला नव्हता आणि तसं मी त्यांना सांगितलं.

आरतीनं मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसून भाग लिहिला. दवाखाना नाही, हार नाही. चॅनलवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण भांडण वाढणार हे दिसल्यावर घेतला. भांडणावर त्यांचं दुकान चालतं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मामा खुर्चीत येऊन बसले. मंडपातल्या त्या दिवसापासून आमच्यात शब्द नव्हता. जेवण वाढायचं काम आता आरतीचे पप्पा करतात. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले नाही. बैठकीत आले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. या घरात त्यांच्यासमोर खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले.

पडद्यावर महामायानं बिंदगी बाजूला सारली, सासऱ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, ‘मामा, तुम्हाला ऐकू आलं होतं?’

मामांनी रिमोट उचलला आणि रिमोटकडे बघतच म्हणाले, “आवाज लई मोठा हाय.”

मी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या, मामा,” मी म्हणाले. “ऐका.”