भोंगा झाला, पानं घ्या

मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही. माझा जन्मच ओरडण्यासाठी झाला. मी एक स्मोक अलार्म आहे. छताला चिकटलेली पांढरी गोल डबी, घरात शिरताना जिच्याकडे तुम्ही कधी मान वर करून बघत नाही ना, तीच. आता मी पांढरा उरलेलो नाही. माझी एक बाजू वितळून खाली लोंबते आहे, जाळी काजळीनं बुजली आहे आणि मला एका पारदर्शक पिशवीत घालून शेल्फवर ठेवलं आहे. ओरडणं कायमचं संपलं. सांगण्यासारखं मात्र पुष्कळ उरलं आहे, ते ऐका.

कारखान्यात एक बाई मला धूर भरलेल्या पेटीत ठेवून तपासायची. मी वाजलो की ती कानांवर हात ठेवायची आणि हसून माझ्या पाठीवर पासचं स्टिकर लावायची. तेवढंच काय ते माझं कौतुक. माझं काम सोपं होतं. धूर आला की ओरडायचं. तो धूर कांद्याचा की पडद्याचा, हे मला कळत नाही. ते कळायचं काम तुम्हा माणसांचं.

लंडनमधल्या इल्फर्ड स्टेशनजवळ एक मोडकळीला आलेलं गालिच्यांचं दुकान होतं. ते पाडून तिथं नव्या फ्लॅट्सचे टॉवर उभे राहिले. बाहेरच्या जाहिरातींच्या फलकांवर गोरी-सावळी माणसं कॉफीचे कप हातात घेऊन हसत होती. आत मात्र सगळी घाई चालली होती. सातव्या मजल्यावर मला बसवायला दोन कामगार आले. त्यातला एक म्हणाला, "अरे, याच्या खाली तर शेगडी येणार आहे. हा दिवसभर बोंबलत बसेल."

"ड्रॉइंगमध्ये इथंच गोल काढलाय ना? मग लाव आणि चल. अजून अख्खा मजला बाकी आहे."

माझा एक चुलतभाऊ आहे. तो धुराला भीक घालत नाही, फक्त उष्णता वाढली की ओरडतो. ओट्यावर त्याची जागा होती, आणि मी पलीकडे दाराजवळ शोभलो असतो. पण किचन, हॉल, जेवणाचं टेबल सगळं एकाच खोलीत कोंबलेलं. लावलं मला बरोबर फोडणीच्या डोक्यावर!

तिथं यतीन आणि इरावती राहायला आले. दोघंही सॉफ्टवेअरमधले, पुण्याहून आलेले, आणि त्यांची छोटी कस्तुरी. पहिल्याच संध्याकाळी इरावतीनं लाल मिरच्यांची फोडणी घातली आणि मी असा काही किंचाळलो की तिच्या हातून झारा पडला. यतीन खुर्चीवर चढून मासिकानं मला वारा घालत बसला. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नव्हता, आतल्या आत फिरवत होता. खिडकी उघडावी तर ती वीतभरच उघडायची. इरावतीनं बिल्डिंगच्या ऑफिसला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "इंजिनिअर येऊन बघेल." तो बघेल बघेल म्हणता कस्तुरी शाळेत जायला लागली, तरी त्याचा पत्ता नाही.

मग अप्पा आले. अप्पा म्हणजे इरावतीचे वडील. उमेदीची सगळी वर्षं सोलापूरच्या गिरणीत गेलेली. बायको गेल्यावर घरात एकटे पडले, आणि सकाळचं दुपारी आठवेना, म्हणून लेकीनं सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. दिवसभर ते बाल्कनीच्या दाराशी बसून समोरच्या क्रेन बघायचे. "अजून एक टॉवर? एवढी माणसं आणणार कुठून हे लोक?" असं दर दिवशी नव्यानं विचारायचे.

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा वाजलो, तेव्हा घरातले सगळे धावले. अप्पा मात्र शांतपणे उठले, बेसिनवर हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसले. "भोंगा झाला की! पानं घ्या."

गिरणीचा भोंगा झाला की डबा उघडायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. इरावती हसता हसता रडली. यतीननं मासिक खाली ठेवलं. त्या दिवसापासून माझं नावच भोंगा पडलं. मी ओरडलो की अप्पा हात धुवायचे, चार ताटं मांडायचे, पाणी घ्यायचे, प्रत्येक ताटात चिमूट चिमूट शेंगाचटणी वाढायचे आणि सगळे बसेपर्यंत थांबायचे. कस्तुरी त्यांना आबा म्हणायची. ती टाळ्या पिटत नाचायची, "आबा, भोंगा झाली! भोंगा झाली!"

"झाली नव्हे गं, झाला. तो भोंगा."

"तो भोंगा झाली."

"अगं वेडाबाई, झाला!"

व्याकरण रोज दुरुस्त व्हायचं. अर्थ कुणी दुरुस्त करत नव्हतं, आणि माझा जीव तिथंच तुटायचा. मित्रांनो, माझ्याजवळ एकच शब्द आहे. त्याचा अर्थ 'पळा' असा आहे. या घरात त्याचा अर्थ 'या, बसा' असा झाला होता. आणि सगळ्यात गोड मानून तो कुणी घेतला असेल, तर ज्याला नवीन काही लक्षात राहत नव्हतं त्यानंच.

इरावतीला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा तिनं अप्पांना माझ्याखाली उभं केलं. "अप्पा, नीट ऐका. हा जेवणाचा भोंगा नाही. हा आगीचा आहे. मी घरात नसताना वाजला तर सरळ दार उघडून जिन्यानं खाली जायचं. कळलं ना?"

"कळलं की. आगीचा. जिन्यानं."

"काय करायचं, सांगा बरं?"

"खाली जायचं. लहान आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी तिनं मेथीला लसणाची फोडणी घातली. मी वाजलो. अप्पांनी हात धुतले. इरावती झारा हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. त्याच दुपारी तिनं बिल्डिंगच्या ऑफिसला पुन्हा फोन केला, आवाज चढवून बोलली. तिकडून उत्तर आलं, "इंजिनिअर पुढच्या आठवड्यात." मग तिनं ठरवलं, घरूनच काम करायचं आणि अप्पांना एकटं सोडायचं नाही. फक्त शाळा सुटताना तेवढं जावं लागायचं. शाळा कोपऱ्यावरच होती.

एप्रिलमधली ती दुपार छान उन्हाची होती. जेवणं होऊन गेली होती. अप्पा आतल्या खोलीत पडले होते. इरावती दारातून म्हणाली, "अप्पा, मी कस्तुरीला घेऊन येते हं. पडून राहा." बाल्कनीचं दार हवेसाठी थोडं उघडं होतं.

खालच्या कुणाच्यातरी बाल्कनीत सिगारेट कुंडीत विझवली होती. ती विझली नव्हती. कुंडी पेटली, कुंडीखालच्या लाकडी फळ्या पेटल्या, आणि मग टॉवरच्या भिंतीवरचं ते सुंदर करड्या रंगाचं आवरण पेटलं. ते आवरण पेटणारं आहे, हे या घरांतल्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. आग भिंतीवरून वर चढत आली. दाराच्या फटीतून काळा धूर आत शिरला, आणि मी ओरडलो.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी खरं ओरडत होतो!

अप्पा खोलीतून बाहेर आले. डोळ्यांवर झोप होती, पण चेहरा हसरा होता. "झाला वाटतं भोंगा." त्यांनी बेसिनवर हात धुतले. मी ओरडलो. त्यांनी चार ताटं मांडली, पेले भरले, चटणीची बरणी काढली. मी जीव तोडून ओरडलो. ते आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, ओट्याकडे तोंड आणि बाल्कनीकडे पाठ करून. घराबाहेर पडायचं दार चार पावलांवर होतं, जिना त्याच्या पलीकडे. तिथं तेव्हा धूर पोचलाही नव्हता. उठले असते तर वाचले असते.

"इरा, ये की गं. कस्तुरे, हात धुतलेस का?"

त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं डोळे पुसत ते म्हणाले, "आज मिरची लई झाली गं, इरा."

मी थांबलो नाही. मला दुसरं काय येत होतं? माझ्याजवळ हात असते तर त्यांना दंडाला धरून उठवलं असतं, शिव्या घातल्या असत्या. मी जितका मोठ्यानं ओरडलो तितके ते शहाण्यासारखे बसून राहिले. एकदाच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं रे बाबा. बसलोय की पानावर. लेकरं तरी येऊ देत." पानावरून मध्येच उठायचं नाही, ही त्यांची शिस्त होती. कस्तुरी जेवता जेवता खेळायला पळाली की तिला ते हेच सांगायचे. त्यानंतर धूर इतका दाटला की मला खालचं काही दिसेना.

अग्निशमनवाले आले तेव्हा मी अर्धा वितळलो होतो, तरी घोगरा वाजत होतो. त्यातल्या एकानं अप्पांना खांद्यावर घेतलं. दुसऱ्याच्या दिव्यात टेबल दिसलं आणि तो ओरडला, "चार ताटं आहेत! अजून तिघं आत आहेत, लहान मूलही असेल!" मग त्यांनी पलंगाखाली हात घातले, कपाटं उघडली, पडद्यामागे चाचपलं. घाबरलेली मुलं लपून बसतात, हे त्यांना ठाऊक असतं. नसलेल्या माणसांसाठी ती माणसं आगीत थांबली. छताचा तुकडा पडून एकाचा हात भाजला, तेव्हा कुठं त्यांना बाहेर बोलावलं. अप्पा रस्त्यावर पोचण्याआधीच गेले होते.

पुढं एका तपासणी ऑफिसात मला पिशवीतून टेबलावर ठेवलं. समोर यतीन आणि इरावती बसले होते. कस्तुरीला सोडायला घर कुठं होतं? ती बाजूच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. इरावतीनं माझ्याकडे बघितलं आणि तपास करणाऱ्या बाईंना इंग्रजीत विचारलं, "हा वाजला होता का?"

"हो. अगदी सुरुवातीपासून. यात काही दोष नव्हता."

मला तेव्हा वितळून पुरतं नाहीसं व्हावंसं वाटलं. काय करायचंय असल्या प्रमाणपत्राला!

बाईंनी जपून विचारलं, "एक गोष्ट आम्हाला उलगडत नाही. टेबलावर चार जणांची तयारी होती. त्या वेळी कुणी येणार होतं का?"

 इरावती यतीनची बाही घट्ट धरून मराठीत म्हणाली, "यतीन, अप्पांनी पानं घेतली होती रे. ते आपली वाट बघत होते."

"सॉरी?" बाई म्हणाल्या.  यतीन नुसता मान हलवत राहिला.

तेवढ्यात त्या इमारतीतली घंटा वाजायला लागली. बाईंनी घाईनं हात वर केला. "काळजी करू नका, ही आठवड्याची टेस्ट आहे."

कस्तुरीचे पाय हलायचे थांबले. ती खुर्चीवरून उतरली. "आई," ती म्हणाली, "भोंगा झाला."

बरोबर म्हणाली. शाब्बास म्हणायला आबा नव्हते. इरावती उठली. पर्स, कोट, समोर आणून ठेवलेला चहा सगळं तिथंच टाकून तिनं कस्तुरीचा हात धरला. बाई "टेस्ट आहे, खरंच टेस्ट आहे" म्हणत होत्या, आणि ती तिघं लिफ्टकडे न बघता जिन्यानं खाली उतरत गेली.

मित्रांनो, मला माझ्या जागी लावा. जे लावत नाहीत त्यांना सुखानं झोपू देऊ नका. मला वारा घालून गप्प करू नका, माझ्यावर पिशव्या बांधू नका, आणि हात जोडून सांगतो, मला लाडाचं नाव देऊ नका. वाढलेल्या ताटावरून उठू नये, असं तुम्हाला घरी शिकवलं असेल. चांगलंच शिकवलं आहे. पण मी ओरडलो की उठा. घास तोंडात असला तरी उठा, आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस पानावर बसून राहिलं असेल, तर त्याला दंडाला धरून उठवा. मला हात नाहीत.