बादल जागा झाला तेव्हा

केनवडजवळच्या एका शेतात अमावास्येला भूत उतरवणाऱ्या बाबाचा दरबार भरला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. सहा वर्षांच्या बादलची मान मागे ओढलेली, हात पिळवटलेले. बाबाने त्याच्या तोंडात चमच्याने तीर्थ घातलं. थोड्या वेळात पोरगं सैल पडलं, मुठी उघडल्या. "सात पिढ्यायची डाकीण गेली!" बाबा गरजला. लोकांनी हात जोडले. सात पिढ्यांत डाकिणीला दुसरं घर कसं सापडलं नाही, हे कुणी विचारलं नाही.

मी वाशिमचा डॉक्टर. बादलची औषधं बंद केल्याचं कळलं, म्हणून आलो होतो.

"आता त्याला उठवा," मी म्हणालो.

"आजच्या दिवस उठवाचं नाई," बाबा म्हणाला.

"डाकीण गेली ना? मग भीती कसली?"

बादलची आई धनीबाई आडवी आली. "नका उठवू, साहेब. लई दिवसानं त्याचे हात सरळ दिसून राह्यले मले."

शेवटी बाप मदनसिंगनेच पोराला हलवलं. बादलने डोळे उघडले आणि त्याचे हात पुन्हा पिळले. तो कळवळून ओरडला. मी तीर्थाचा लोटा उपडा केला, तर बुडाशी अर्धवट विरघळलेल्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. हा पिळा झोपेत आपोआप सुटतो, तेवढ्यावर बाबाचा चमत्कार उभा होता.

"हा जन्मजात दोष आहे," मी सांगितलं. "अन्नातला एक घटक याच्या शरीराला पचत नाही. तापात उपाशी राहिलं, की शरीर स्वतःचंच मांस मोडतं, त्यातून तोच घटक सुटतो आणि त्याचं विष मेंदूत चढतं." आणि मला बादलची धाकटी बहीण आठवली. तिलाही तोच दोष होता, पथ्यामुळे ती अजून धडधाकट होती. "रंजीता कुठे आहे?"

"घरी. ताप हाय तिले," मदनसिंग म्हणाला. "बाबानं उपाशी ठेवाले सांगतलं."

बादलला उचलून आम्ही घराकडे धावलो. तिला उचलून थेट दवाखान्यात आणलं, साखरेचं सलाईन लावलं. रंजीता वाचली.

ती खाटेवर बसून खिचडी खात होती, तेव्हा धनीबाईने विचारलं, "बादलचे हात पिळले त्या तापात म्या बी त्याले उपाशीच ठेवलं होतं. आमच्यात तसंच करतेत. तवा खाऊ घातलं असतं, दवाखान्यात आणलं असतं तं?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो. ती समजली. बादलची आवळलेली मूठ हातात धरून ती बराच वेळ रडली.

"मंग आता सगळ्यायले सांगा," ती म्हणाली.

म्हणून सांगतो. तापलेल्या लेकराला उपाशी ठेवू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि कुणी चमत्कार दाखवला तर लेकरू जागं होईपर्यंत तिथून हलू नका.