सकाळचा कागद, सांजचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे आणि माझ्या पोटात तीन कागद आहेत. त्यांतला खरा कोणता, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

जाफराबादजवळच्या एका वस्तीवर वच्छलाबाईंनी मला नवऱ्याच्या जुन्या धोतरातून हातानं शिवलं. त्यांचे यजमान राधाकिसनबाबा शेळ्या राखतात. वीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावरून रानात गेले. माझ्यात भाकरी असे, कांदा असे, कधी रानातच जन्मलेलं करडू असे. "पिशवी न्हाई, पाळणा हाये," असं बाबा म्हणत. मला फार बरं वाटे. पुढे बाबा थकले आणि माझ्यात दवाखान्याचे कागद आले.

पहिला कागद गावातल्या तपासणी शिबिराचा. त्यावर रक्तातलं लोह चौऱ्याहत्तर होतं. पंधरा दिवसांनी बाबा दुपारच्या जीपनं जाफराबादला गेले. तिथल्या कागदावर एक्कावन्न आलं.

सून रेणुकानं दोन्ही आकडे वाचून दाखवले. बाबांनी बोटं मोजली.

"पंधरा दिवसांत तेवीस गेलं. राह्यलं एक्कावन्न. मंग महिनाभरात खपलं म्हणा की!"

"काय बी बोलता," वच्छलाबाई म्हणाल्या. "लोह म्हंजे काय रांजणातलं पाणी हाये?"

"रानात पडलो तर शेळ्या कोण आणील? हसनाबादच्या जावयाला निरोप धाड. रविवारी बाराच्या बारा घेऊन जा म्हणावं."

मी खुंटीवर लटकून विचार करत राहिले. माणूस तोच, मग आकडे दोन का?

शनिवारी सकाळी रेणुका दोघांना घेऊन पुन्हा जाफराबादला गेली. रक्त तपासणाऱ्या अर्पिताताईंनी माझ्यातून कागद काढले. पहिला तर माझ्या उसवलेल्या शिवणीतून निसटायलाच आला होता. ताईंनी आकडा सोडून कागदाचा कोपरा पाहिला.

"बाबा, हा सकाळी आठचा आहे, हा संध्याकाळी पाचचा. रक्तातलं लोह दिवसभर सारखं राहत नाही. बहुतेकांचं सकाळी जास्त, संध्याकाळी कमी."

वच्छलाबाई हसल्या. "आवं, सकाळचं अन् सांजचं दूध कधी एक निघालंय का?"

"मंग आधी का न्हाई सांगितलं?"

"मला काय ठावं, तुमची बी दोन टायमाला धार काढतेत म्हणून!"

ताईंनी तेव्हाच, सकाळच्या वेळी, पुन्हा रक्त घेतलं आणि तिसरा कागद आला, एकाहत्तरचा. बाबा आणखीच गोंधळले. "मंग माझं खरं किती?"

"तिन्ही खरे, त्या त्या वेळेचे," ताई म्हणाल्या. "वय झालं की हा चढउतार मंदावतो, कुणाची वेळही सरकते. सगळ्यांचं सारखं नसतं. म्हणून दर वेळी एकाच वेळेला या. थकवा कशानं येतो, ते डॉक्टर बघतील."

"म्हातारी शेळी बी धारेची वेळ चुकवती," बाबा पुटपुटले.

रविवारी जावई आले आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं परतले. बाबा शेळ्या घेऊन जवळच्या बांधापर्यंतच गेले, पण मला खांद्यावर घेऊन गेले.

मी मात्र अजून गोंधळलेलीच आहे. आकडे तीन आणि तिन्ही खरे! पण मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कागद हाती आला, तर आकड्याआधी वेळ वाचा आणि मागचा कागद जपून ठेवा. माझ्यासारखी जुनी पिशवी असेल, तर तिच्या शिवणीला दोन टाके घाला. तो पहिला कागद वाटेत पडला असता, तर त्यावरची सकाळची वेळ ताईंना दिसली नसती आणि बाबांच्या बारा शेळ्या आज हसनाबादला असत्या.