हळदीकुंकवासकट भट्टीत गेलेली पिन

मी एक जुनी, वाकडी पिन आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी. मित्रांनो, वाकडी म्हणून हसू नका, मला त्या वाकडेपणाचा भारी अभिमान आहे!

माझा जन्म वाळूजच्या एका छोट्या कारखान्यातला. मंजुषाताई तिथल्या इंजिनीअर. माझ्या आधीच्या काही पिना मेणासारख्या वाकल्या, काही काडकन तुटल्या. ताईंना हवी होती भरपूर ओढणारी, पण हिसका बसला तर न तुटता वाकणारी पिन. पोलादात काय मिसळायचं, किती तापवायचं, याचा त्यांनी ध्यासच घेतला. शेवटी आम्हांला लालभडक तापवून तेलात बुडवलं. काय चरचरलो आम्ही! पण अशी पिन कडक होते, तशी ठिसूळही होते. लगेच पुन्हा मंद आचेवर तापवलं, तरच तिचं अंग लवतं.

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. आम्हांला पाटावर मांडून हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"काका, आधी यांना भट्टीत घालू द्या. आतून ताणलेल्या आहेत, तडकतील," ताई म्हणाल्या.

"आज भट्टी पेटवायची नाय, पोरी. हत्यारांचा इसाव्याचा दिवस हाय," मालक साहेबराव म्हणाले.

एवढ्यात टणकन आवाज झाला. कुणी हात न लावताच माझ्या शेजारची पिन फुलांखाली तडकली होती!

साहेबराव ती भेग बघायला वाकले. मग ओरडले, "पेटवा भट्टी! देवी घेईल समजून."

कपाळावरच्या कुंकवासकट मी आत गेले आणि नवं बळ घेऊन बाहेर आले.

पुढे मी लासूर स्टेशनच्या कडूबांच्या ट्रॉलीला लागले. मका, कांदा, कापूस, सगळं ओढलं. एकदा ट्रॉलीत कापूस वेचून परतणाऱ्या बाया होत्या. चढावर चाक खड्ड्यात आदळलं. केवढा तो हिसका! मागे उतार, उताराच्या टोकाला विहीर. मी वाकले, मित्रांनो, पण तुटले नाही!

कडूबांनी मला काढून पाहिलं. "जाळावर लाल करून ठोकतो. व्हईल सरळ."

त्या जाळात ताईंनी मोजून दिलेलं बळ उतरलं असतं, त्यांची सगळी मेहनत वाया गेली असती.

"नाय!" ट्रॉलीतून उतरलेल्या वच्छलाबाई कडाडल्या. "लई सोसलं तिनं. नवी आण. आमी जातो पायी."

आणि सगळ्या बाया खरंच चालू लागल्या.

मित्रांनो, वाकलेल्या पिनेला ठोकून पुन्हा कामाला जुंपू नका. त्या बायांना मी एकदा धरून ठेवलं. दुसऱ्यांदा मला ते जमलं नसतं.