दहा श्वासांची बाटली

खुळखुळ, खुळखुळ. सकाळच्या शांत घरातून आवाज आला. दिपमाला लेकीचा श्वासाच्या औषधाचा पंप हलवत होती. पूर्वी हा आवाज झाला की पुढचं काम माझं असे. आता मी गोठ्यात बसून नुसती ऐकते.

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. समाधानभाऊंनी मला धुळ्याच्या स्टँडवर घेतलं, तेव्हा त्यांची आणि दिपमालाची पाच वर्षांची लेक भूमिका दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. विषाणूने तिची छाती पार भरली होती. घरी सोडताना सिस्टरने माझ्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं. म्हणाली, "इकडून पंप दाबायचा, तिकडून हिने दहा श्वास घ्यायचे. बरी दिसली तरी मनाने बंद करू नका. दोन महिन्यांनी दाखवायला आणा."

पारोळ्याजवळच्या त्या घरात माझे फार लाड झाले. दिपमाला मला धुऊन, वाळवून देवाच्या फळीवर ठेवी. भूमिकाने स्केचपेनने मला डोळे काढले. "हिच्यात माझा वारा राहतो," असं ती येईल त्याला सांगे.

महिन्याभरात पोर अंगणात पळू लागली. आणखी एक महिना सरत आला, श्रावण लागला. कानबाई देवी बसवायची म्हणून घर झाडलं. शेजारच्या भागाअक्कांनी मला पाहिलं.

"पोर बरी व्हई गयी ना, माय? मंग हाई आजारनी वस्तू देवीना घरमा कसाले?"

"डॉक्टरांनी बोलावलंय अजून," दिपमाला म्हणाली.

"त्या ते बलावतीनच."

दिपमाला हसली. मला वाटलं, ही काही ऐकायची नाही. पण तिनेच मला उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. कपाशीची फवारणी चालू होती. त्यांनी माझा तळ कापला आणि माझं नरसाळं केलं. ज्या अंगातून पोरीचा श्वास जायचा, त्यातून विष ओतलं.

धुळ्याची तारीख तशीच गेली. कानबाईच्या दिवशी धुपाच्या धुरात भूमिकाला धाप लागली. दिपमाला धावत गोठ्यात आली, मला नाकाशी नेलं आणि विषाचा वास येताच तिथेच टाकून पोरीकडे पळाली. समाधानभाऊंनी मोटारसायकल काढली.

आठ दिवसांनी पोर घरी आली. सोबत नवी बाटली होती, नवी तारीख होती.

मित्रांनो, खेळू लागलेलं मूल आतून पुरतं बरं झालेलं असेलच असं नाही. ते दवाखान्याला सांगू द्या. तोवर आम्हाला टाकू नका.

आज दहा श्वास झाल्यावर भूमिका गोठ्यात आली. माझे डोळे तिने लगेच ओळखले.

"हात नको लावू, बेटा," मागून दिपमाला म्हणाली.

"हिला का कापलं, आई?"

"तू बरी झाली होतीस ना, म्हणून."

भूमिका आईकडे वळली. मग म्हणाली, "मी बरी झाले, असं तुला कोणी सांगितलं होतं?"