जांगडवर आणलेलं कार्ड

मंगळवारी दुपारी नितीनचा फोन आला आणि तेव्हापासून लोकेशचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. फोन जेमतेम दोन मिनिटांचा होता. नितीन म्हणाला, "लोक्या, पुढच्या महिन्यात गेमिंग कॅफेत स्पर्धा आहे. आमच्या कॉलनीची टीम उतरतेय. पाच नावं रविवारी द्यायचीत. तू आहेस रे माझ्या मनात, पण तुझं ग्राफिक्स कार्ड फार जुनं झालंय. ऐन मोक्याला चित्र अडकतं आणि सगळ्यांची वाट लागते. नवीन टाकलंस तर बघू."

त्या एका 'बघू'वर लोकेशने पुढचे पाच दिवस काढले.

दोघंही गोडादऱ्याच्या एकाच गल्लीत वाढलेले. दर रविवारी दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ मांडून बसायचं, हा त्यांचा दहा वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी नितीन हजीऱ्याच्या कारखान्यात लागला, तिथल्याच कॉलनीत राहायला गेला, पण रविवार मोडला नाही. गल्लीऐवजी हेडफोनमधून भेट व्हायची, एवढाच फरक. आता टीम झाली की नितीनचे रविवार सरावात जाणार, हे लोकेशला न सांगता कळत होतं. टीमात असलो तर नितीन आहे, नसलो तर नाही, असा सरळ हिशोब होता.

अठ्ठावीस वर्षांचा हा घोडा पांडेसऱ्याच्या एका प्रिंट मिलमध्ये साड्यांच्या डिझाइन काढायचा. बुधवारी त्याने काम कमी केलं आणि नव्या कार्डांचे व्हिडिओ जास्त पाहिले. एक जण छातीठोक सांगत होता की आयुष्य बदलेल. दुसरा तितक्याच छातीठोकपणे सांगत होता की ही दिवसाढवळ्या लूट आहे. लोकेशला दोघांचंही पटलं. जेवताना पटलं, बसमध्ये पटलं, अंघोळ करतानाही पटलं. शेवटी त्याने शेजारच्या टेबलावरच्या वैभवला गाठलं.

"तुझा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो," वैभव डबा उघडत म्हणाला. "नवं कार्ड दीडशे काढेल. उरलेली नव्वद काय घरच्या माळ्यावर ठेवणार?"

"अरे पण ते मधली चित्रं स्वतःच भरतं. एक खरं काढतं, पुढची अंदाजाने."

"म्हणजे आपलाच धंदा की. एक फूल काढायचं, बाकी साडीभर तेच उमटवायचं. त्यासाठी तू दोन पगार घालवणार?"

लोकेशला राग आला. वैभवचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

गुरुवारी एक व्यापारी मिलमध्ये आला. लोकेशच्या डिझाइन चाळता चाळता एकीवर थांबला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "अच्छा है भाई. इसका ग्राउंड बदलके लाओ, फिर देखते हैं." लोकेशने हसून होकार दिला. व्यापारी दाराबाहेर पडला तशी त्याने ती फाइल उडवून टाकली.

"अरे, मागचा रंग बदलून दाखव ना," वैभव म्हणाला.

"त्याला ती नकोच आहे. या बाजारात तोंडावर नाही कोण म्हणतं? रंग बदलून आण म्हणतात. खरंच बदलून नेली की बिचाऱ्याची पंचाईत होते, मग तो काठ बदलायला सांगतो." एवढं शहाणपण सांगून लोकेशने पुन्हा कार्डाचा व्हिडिओ लावला.

शुक्रवारी सुटी टाकून तो हितेशभाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिला. कार्डाची पेटी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलं, तरी हा तिथेच. हितेशभाईंचं आयुष्य आधी कापड मार्केटमध्ये गेलेलं. माल पसंत पडेपर्यंत जांगडवर द्यायचा, आवडला तर गिऱ्हाइकाने ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा परत आणायचा, ही तिथली रीत त्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानातही चालू ठेवली होती. अर्थात ओळखीच्यांपुरतीच.

"तेरे से डिसाइड नहीं होगा," ते म्हणाले. "ले जा जांगड पे. रविवार सात बजे तक बोल देना. गम्यूं तो तारूं, नहीं तो पाछा."

आवडलं तर तुझं, नाही तर परत, एवढं ठरवून त्यांनी चिठ्ठी फाडली, लोकेशने सही केली. घरी येईपर्यंत त्याने रिक्षात ती पेटी मांडीवर अशी धरली होती की रिक्षावाल्याने आत काय आहे म्हणून दोनदा विचारलं.

शनिवारी त्याने कार्ड बसवलं. बसवताना तीनदा हात धुतले. कॉट, कॉम्प्युटर आणि बहिणीचं अभ्यासाचं टेबल असं सगळं एकाच खोलीत. प्रज्ञा नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. पडद्यावर पाण्यातलं ढगाचं प्रतिबिंब हललं तेव्हा त्याने तिला ओढून आणून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आवाज कमी करायचंही काही बसवलंय का यात?"

"कार्डाचा आवाज येत नाहीये."

"तुझा म्हणतेय मी. दादा, तू खेळतोस की गल्लीला हाका मारतोस, तेच कळत नाही."

लोकेशने ते कानाआड केलं. रात्रभर कूस बदलत राहिला.

रविवारी दोनला त्याने हेडफोन चढवला. पलीकडे नितीन आणि त्याच्या कॉलनीतली तिघं होती. खेळ सुरू झाला आणि खरं सांगायचं तर लोकेशला स्वर्ग दोन बोटं उरला. काही अडकत नव्हतं, काही फाटत नव्हतं. धुरातून येणारा माणूस त्याला धुरातच दिसत होता.

"नित्या, डावीकडं! डावीकडं म्हटलं ना! अरे तू कुठं चाललास? जिन्यावर थांब! तुला कितीदा सांगायचं, माझ्या आधी दार उघडू नको! गेला ना जीव? ऐकायचं नाही म्हणजे नाहीच!"

तीन डाव झाले. दोन हरले, एक जिंकले. तिघं पोरं 'बाय' म्हणून निघून गेली आणि नितीन एकटा उरला. लोकेशला धीर निघेना.

"बघितलंस? एकदा तरी अडकलं का?"

"म्हणजे?"

"नवीन कार्ड! जांगडवर आणलंय. सातपर्यंत हितेशभाईंना सांगायचंय. तू नाव पक्कं कर, मी त्यांना हो म्हणतो."



"तू खरंच आणलंस?" नितीनने हळूच विचारलं.

"मग काय!"

"नाही, छानच केलंस. पण... असं बघ, तुझं इंटरनेट पण जरा मंदच आहे. ते एकदा बदलून घेतलंस तर मग..."

लोकेशचा हात माऊसवरच थांबला. ही बोलण्याची तऱ्हा त्याच्या रोजच्या ओळखीची होती. आधी ग्राउंड, मग काठ. आयुष्यभर त्या बाजारात वावरलेला माणूस, व्यापाऱ्याची मान तिरकी झाली की फाइल उडवणारा, आणि इथे रंग बदलून माल घेऊन दारात उभा राहिला होता. त्याचे कान तापले. त्याला भयंकर लाज वाटली.

"नित्या," तो म्हणाला, "कार्डाचं खरं नव्हतं ना?"

"थोडं होतं."

"खरं सांग."

नितीनने दम घेतला. "तू ओरडतोस, लोक्या. सारखा. इथं जा, तिथं थांब, तू चुकलास, तू बावळट. गल्लीत होतो तेव्हा चालून गेलं. इथली पोरं माझ्या हाताखाली काम करतात रे. त्यांच्यासमोर तू मला तसं बोलतोस. त्यांनी विचारलं, याला घ्यायचं का? मीच नाही म्हटलं. नावं सकाळीच दिली."

लोकेशच्या तोंडाशी तीन वाक्यं आली. पहिलं होतं, तुला खेळायला शिकवलं कुणी. दुसरं त्याहून वाईट होतं. तिसरं बोलला असता तर दहा वर्षं तिथेच संपली असती. टेबलाशी बसलेली प्रज्ञा पेन थांबवून त्याच्याकडे बघत होती. त्याने पाण्याची बाटली उचलली आणि अर्धी रिकामी केली.

"मग आधीच सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"सांगणार कसा? तू कुणाला बोलू देतोस?"

लोकेशने बाटलीचं झाकण लावलं.

"थांबशील का जरा?" त्याने विचारलं. "अर्धा तास लागेल."

"कशाला?"

"थांब फक्त."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. नवं कार्ड काढलं, त्याच्या पिशवीत सरकवलं, पेटीत निजवलं. जुनं खणातून काढून बसवलं. हितेशभाईंना फोन करून माल परत आणतो म्हणून कळवलं. "खोट क्या निकला?" त्यांनी विचारलं. "माल मस्त है, हितेशभाई. मेरे काम का नहीं," लोकेश म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला खरंच रडू येतंय की काय असं झालं. दुसरं कुणी असतं तर हेच कार्ड घेऊन सुखात राहिलं असतं. त्याला मात्र ते एकाच कामासाठी हवं होतं, आणि ते काम कुठल्याच कार्डाच्या हातचं नव्हतं.

पुन्हा हेडफोन चढवला तेव्हा नितीन जाऊन बसलाही असेल टीव्हीसमोर, अशी त्याची खात्री होती.

"नित्या?"

"आहे."

"दोघंच खेळू या एक डाव?"

नितीनने डाव सुरू केला. पहिल्याच वळणावर चित्र अडकलं, दोनदा थरथरलं आणि पुढे सरकलं. नितीन आधीच बराच पुढे, पडक्या गोदामाच्या दाराशी पोचला होता. चुकीच्या दाराशी. लोकेशला ते इतकं स्वच्छ दिसत होतं की जीभ आपोआप उचलली गेली.

"डावी..." त्याने दात मिटले. दहा वर्षांत त्याने कधी न विचारलेली गोष्ट विचारायला त्याला श्वास दोनदा घ्यावा लागला.

"नित्या, मी कुठं येऊ?"

नितीनने घसा खाकरला.

"ये," तो म्हणाला. "माझ्या मागं ये. सावकाश ये, मी थांबतो."